खाऱ्या वाऱ्यात उभी राहणारी गाडी आणि एअरबॅगमधल्या गोळ्या

मालवणात किनाऱ्यालगत राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांनी २०१० सालची एक हॅचबॅक जुन्या बाजारातून घेतली आहे आणि ती बारा महिने उघड्यावरच उभी असते. दमट हवेत एअरबॅगमधलं रसायन बिघडतं, मग धडकेच्या वेळी धातूचा डबाच फुटतो आणि त्याने माणसं दगावली आहेत, असं त्यांच्या वाचनात आलं. आत नेमकं काय असतं, कोकणातल्या हवेत ते खरंच बिघडतं का, असं ते विचारतात. गॅरेजवाला भंगारातली एअरबॅग स्वस्तात बसवून देतो म्हणतो, ती घ्यावी का? की सरळ फ्यूज काढून एअरबॅग बंद करून टाकावी?

फ्यूज काढू नका. भंगारातली एअरबॅग तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. आरसी बुकावरचा चॅसी नंबर घेऊन गाडीच्या कंपनीकडे रिकॉलची (सदोष भाग बदलायला कंपनीने गाड्या परत बोलावणं म्हणजे रिकॉल) चौकशी मात्र आजच करा. असं का, ते आता सविस्तर सांगतो. माझी सगळी नोकरी या वायू तयार करणाऱ्या गोळ्या बनवण्यात आणि तपासण्यात गेली आणि आता मी गुहागर तालुक्यात समुद्राजवळच राहतो. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे.

समोरून जोरात धडक बसली की एअरबॅग उघडायची की नाही हे गाडीच्या कंट्रोल युनिटने साधारण १५ ते २० मिलिसेकंदांत ठरवायचं असतं. त्यानंतर ३०-४० मिलिसेकंदांत ड्रायव्हरसमोरची ५०-६० लिटरची पिशवी भरून तयार हवी. बाजूच्या सीटसमोरची पिशवी याच्या दुपटीची असते. माणसाची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. इतक्या घाईत इतका वायू, आणि तोही स्टेअरिंगच्या मधल्या तळहाताएवढ्या जागेतून, कुठल्याही पंपाने देता येत नाही. म्हणून घन पदार्थ जाळून वायू करायचा, हा मार्ग आला.

त्या जागेत धातूचा एक डबा असतो, त्याला आम्ही इन्फ्लेटर म्हणतो. त्याच्या मधोमध स्क्विब असतो. स्क्विब म्हणजे केसासारखी बारीक तार आणि तिला चिकटलेला चिमूटभर पेटणारा मसाला. कंट्रोल युनिटने सव्वा अँपिअरच्या आसपास करंट सोडला की तार तापते आणि मसाला पेटतो. त्यावर बूस्टर पेटतो, बूस्टरमध्ये बहुधा बोरॉन आणि पोटॅशियम नायट्रेट असतं. बूस्टरच्या ज्वाळेने मुख्य गोळ्या पेटतात. त्यातून निघालेला गरम वायू धातूच्या दाट जाळीतून जातो, तिथे थोडा थंड होतो, राख आणि वितळलेले कण मागे सोडतो आणि पिशवीत शिरतो. पिशवीच्या मागच्या बाजूला भोकं असतात. तुमचं डोकं टेकतं तेव्हा वायू त्यातून बाहेर पडत असतो, म्हणून पिशवी उशीसारखी दबते.

यातली तार, जाळी, कापड ही सगळी कामं अवघड आहेत, पण बऱ्याच अंशी सुटलेली आहेत. खरा वाद चालला तो गोळ्या कशाच्या करायच्या यावर.

पहिला मोठा पदार्थ सोडियम अझाइड. साधारण ३०० अंशांना तो फुटतो आणि त्यातून सोडियम धातू आणि शुद्ध नायट्रोजन निघतो. ६५ ग्रॅम अझाइडमधून खोलीच्या तापमानाला सुमारे ३६ लिटर नायट्रोजन मिळतो. नायट्रोजन म्हणजे आपल्या हवेतलाच मुख्य घटक, त्यामुळे गाडीत बसलेल्याच्या नाकातोंडात गेला तरी चिंता नाही. शिवाय अझाइड थंड जळतं, पिशवीचं कापड भाजत नाही. अडचण त्या मागे राहिलेल्या सोडियमची. त्याला मोकळं सोडून चालत नाही, म्हणून सोबत पोटॅशियम नायट्रेट किंवा एखादं धातूचं ऑक्साइड घालायचं आणि सिलिका घालून शेवटी त्याची काचेसारखी निरुपद्रवी राख करायची. हे सगळं मिसळल्यावर गोळीच्या वजनापैकी निम्मंही वायू होत नाही, बाकीची राख जाळीने धरावी लागते. म्हणून त्या काळचे इन्फ्लेटर जड आणि मोठे होते.

पण अझाइड मागे पडलं ते मुख्यतः विषारीपणामुळे. पोटात गेलं तर ते सायनाइडच्या तोडीचं घातक आहे. आम्लाशी संबंध आला की त्यातून हायड्रॅझोइक आम्लाची वाफ निघते, ती विषारीही आणि स्फोटकही. तांबं किंवा शिशाशी संबंध आला तर नुसत्या धक्क्याने उडणारे क्षार तयार होतात. गाडीत बंद असेपर्यंत यातलं काही होत नाही. गाडी भंगारात जाऊन कोणी छिन्नीहातोडीने तो डबा उघडला की मात्र होऊ शकतं. १९९० च्या दशकातल्या गाड्यांमध्ये अझाइड सर्रास असे, पुढे ते झपाट्याने कमी झालं.

आज रस्त्यावरच्या बहुतेक नव्या गाड्यांत ग्वानिडीन नायट्रेट आणि बेसिक कॉपर नायट्रेट ही जोडी असते. ग्वानिडीन नायट्रेट हे नायट्रोजनने भरलेलं इंधन आणि तांब्याचा क्षार त्याला ऑक्सिजन पुरवणारा. जळून नायट्रोजन, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो आणि मागे तांबं उरतं. कागदावर हिशेब मांडला तर १०० ग्रॅम मिश्रणातून सुमारे ३ मोल वायू मिळतो (मोल हे रसायनशास्त्रातलं माप, एक मोल वायू खोलीच्या तापमानाला साधारण २४ लिटर भरतो) आणि वजनाचा फक्त चौथा हिस्सा तांबं म्हणून राहतो. अझाइडच्या मिश्रणात सिलिका धरली नाही तरी हा आकडा दोनच्या आतच राहतो. तांब्याची राख जाळीत चांगली अडकते, कारण ज्वाळा फार तापत नाही आणि कण घट्ट होऊन बसतात. दोन्ही घटक पाण्याला फारसे हपापलेले नाहीत. माझ्या मते या जोडीचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि सुरुवातीला त्याला पुरेसं महत्त्व दिलं गेलं नाही. त्या काळी चर्चा असायची ती वायू किती, वजन किती आणि किंमत किती यांचीच.

त्या हिशेबात सगळ्यांना मागे टाकणारा पदार्थ म्हणजे अमोनियम नायट्रेट. ते पूर्ण जळलं तर १०० ग्रॅममधून ४ मोलांहून जास्त वायू मिळतो आणि राख जवळजवळ शून्य. म्हणजे डबा लहान, जाळी हलकी, माल स्वस्त. एअरबॅग बनवणाऱ्या जपानच्या टाकाटा कंपनीने २००० सालाच्या सुमारास हाच मार्ग धरला.

अमोनियम नायट्रेटला दोन जन्मजात खोडी आहेत. एक म्हणजे ते हवेतलं पाणी ओढतं. ३० अंश तापमानाला सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास गेली की ते ओलं व्हायला लागतं. दुसरी खोड अशी की ३२ अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमान साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढतं. तापमान उतरलं की ते परत आकसतं. पावसाळ्यात पडवीत ठेवलेल्या खताच्या गोणीला पाणी सुटतं आणि नंतर तिचा दगड होतो, हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. गोळीच्या बाबतीत मात्र दगड होत नाही, उलटंच होतं. पुनःपुन्हा फुगून आणि आकसून ती आतून सच्छिद्र होते.

ही खोड मोडण्यासाठी पोटॅशियम नायट्रेटसारखा क्षार मिसळतात, त्याला स्थिरीकृत अमोनियम नायट्रेट म्हणतात. कोरड्या अवस्थेत त्याने काम भागतं. पण पाणी आत शिरलं आणि वर्षानुवर्षं रोज तापणं-निवणं चालू राहिलं, तर गोळीची घनता हळूहळू उतरतेच. इथे ज्वलनाचा एक साधा नियम समजून घ्या. गोळी बाहेरून आत जळते, म्हणून वायू किती वेगाने निघेल हे गोळीच्या पृष्ठभागावर ठरतं. भोकं पडलेल्या गोळीत ज्वाळा आत शिरते, पृष्ठभाग एकदम कैक पटींनी वाढतो. वायू जास्त, त्यामुळे डब्यात दाब जास्त. दाब वाढला की ज्वलनाचा वेग आणखी वाढतो. वायू बाहेर पडायची भोकं ठरावीक हिशेबाने केलेली, ती पुरत नाहीत. मग पोलादी डबा फाटतो आणि त्याचे तुकडे पिशवीतून आरपार चेहऱ्यात, गळ्यात घुसतात. अपघात किरकोळ असतो आणि माणूस मात्र वाचवणाऱ्या वस्तूनेच जातो. या विषयात काम केलेल्या कोणालाही हे मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

याची पाळंमुळं शोधायला गाड्यांच्या कंपन्यांनी बसवलेल्या स्वतंत्र तपासणीचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला आणि त्यात तीन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या: अमोनियम नायट्रेटचा वापर, ओलावा पूर्णपणे रोखू न शकणारी डब्याची बांधणी, आणि दमट प्रदेशातलं वारंवार होणारं मोठं तापमानबदलाचं चक्र. काही डब्यांच्या बाबतीत कारखान्यातच गोळ्या ओलाव्यात राहिल्या होत्या, काही नीट दाबलेल्या नव्हत्या, तेही उघड झालं. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, त्यातले सुमारे ६ कोटी ७० लाख अमेरिकेत. टाकाटाने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. काही जुन्या मॉडेलांचे डबे दमट भागातून काढून तपासले तेव्हा फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत निघाली होती, आणि त्या गाड्या चालवूच नका असं अमेरिकी सरकारने लोकांना सांगितलं होतं.

अमेरिकेने धोक्याचे विभाग पाडले तेव्हा फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, हवाई आणि पोर्टो रिको हे सगळ्यात वरच्या गटात टाकले. मलेशियातही यामुळे मृत्यू झाले. या सगळ्या जागांची हवा आठवून पाहा आणि मग मालवण, वेंगुर्ला, हर्णै, श्रीवर्धन यांची. मी कोकण या गटातच धरतो.

पण एक समज दुरुस्त करायला हवा. लोकांना वाटतं की आपला जून ते सप्टेंबरचा पाऊसच घात करतो. पावसाळ्यात आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते हे खरं, पण ढग असतात, गाडी फार तापत नाही, दिवसरात्रीचा फरक थोडा असतो. गोळ्यांना खरा त्रास एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये होतो. मेच्या दुपारी बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ७० अंशांच्या आसपास तापमान जातं, पहाटे ती २६-२७ अंशांवर येते, आणि किनाऱ्यावरच्या हवेत पाण्याचं प्रमाण त्या वेळीही भरपूर असतं. सापेक्ष आर्द्रतेचा आकडा दुपारी कमी दिसतो म्हणून फसू नका, हवेच्या प्रत्येक घनमीटरमधलं पाणी तेवढंच असतं. डब्यात शिरलेला ओलावा दिवसा गोळीतून सुटतो, रात्री परत तिच्यावर बसतो. देशावर लातूर-सोलापूरकडे गाडी आपल्याहून जास्त तापते, पण हवा कोरडी असते. तापमान आणि पाणी या दोघांची गाठ पडते ती आपल्याकडेच.

म्हणून गाडी सावलीत लावण्याला खरोखर अर्थ आहे. पत्र्याची शेड असेल तर ती दोन बाजूंनी उघडी असू द्या. प्लास्टिकचं घट्ट कव्हर महिनोन्महिने घालून ठेवलेली गाडी मात्र आत कोंडलेल्या ओलाव्यात राहते, त्यापेक्षा साधं कापड बरं.

आता तुमच्या गाडीचं. २०१० सालच्या छोट्या गाडीत एअरबॅग असेलच असं नाही. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून, बाजूच्या सीटची त्याहून नंतर. त्यामुळे आधी स्टेअरिंगच्या मधल्या भागावर आणि डाव्या डॅशबोर्डवर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी इंग्रजी अक्षरं उमटवलेली आहेत का ते बघा. नसतील तर हा प्रश्नच मिटला. असतील तर किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. पेटूनच राहिला तर बिघाड आहे. मुळीच पेटत नसेल तर ते जास्त वाईट, कारण कोणीतरी दिवा काढून टाकलेला असू शकतो. उघडलेली एअरबॅग बदलण्याऐवजी स्क्विबच्या जागी दोन ओहमचा एक रेझिस्टर लावून दिवा विझवण्याची लबाडी जुन्या गाड्यांच्या धंद्यात चालते. कंट्रोल युनिटला वाटतं स्क्विब जागेवर आहे, प्रत्यक्षात आवरणामागे काहीच नसतं. दिवा ठीक असला तरी गाडी एकदा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून बघावी, आणि स्टेअरिंगची एअरबॅग मूळचीच आहे का हे विचारावं.

पुढचं काम चॅसी नंबरचं. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. होंडा, टोयोटा अशा कंपन्यांनी भारतातही टाकाटाच्या इन्फ्लेटरसाठी रिकॉल जाहीर केले आहेत आणि बदल फुकट करून दिला आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलचं पान असतं, तिथे नंबर टाका, किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून तोंडी न थांबता लेखी उत्तर मागा. तुम्ही दुसरे किंवा तिसरे मालक असलात तरी सुरक्षेच्या रिकॉलचं काम त्या नंबरावर असतं, मालकाच्या नावावर नसतं. पहिल्या मालकाला पत्र गेलं असेल, तुमच्यापर्यंत ते आलंच नसेल, इतकंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाड्या मुंबई-पुण्याहून जुन्या होऊन येतात, त्यामुळे ही गोष्ट इथे फार घडते. गोळ्या अमोनियम नायट्रेटच्या आहेत की ग्वानिडीनच्या हे तुम्हाला किंवा गॅरेजवाल्याला बघून कळणार नाही. कळण्याचा रस्ता हा नंबरच.

गाडी जुन्या बाजारातून घेतली आहे, म्हणून आणखी एक विचारा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात असंख्य गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या, आणि त्यातल्या धुऊनपुसून विकल्या गेल्या असतील तर नवल नाही. इन्फ्लेटरचा डबा बंद असतो, त्यामुळे पाण्यात बुडाल्याबरोबर गोळ्या विरघळल्या असं होत नाही. आधी मरतात ती बाकीची अंगं. कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मधे, गिअरजवळ तळाशी बसवलेलं असतं, आणि चिखलाचं पाणी तिथे पहिल्यांदा पोहोचतं. सीटखालचे पिवळे कनेक्टर हिरवे पडतात. सीटबेल्टच्या मुळाशी चिखलाची रेघ, कार्पेटखाली गाळ, सीटच्या रुळांवर गंज दिसला तर त्या गाडीच्या एअरबॅगवर मी विश्वास ठेवणार नाही.

भंगारातली एअरबॅग का नको, ते वरच्या सगळ्यातून कळलंच असेल. ती कुठल्या गाडीची, कुठल्या हवेत किती वर्षं होती, रिकॉलमधली आहे का, पुरातली आहे का, यातलं काहीही तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं. आम्ही कारखान्यात नवा इन्फ्लेटर ६० लिटरच्या बंद टाकीत उडवून दाबाचा आलेख घ्यायचो, उणे ३५ अंशांना वेगळा, ८५ अंशांना वेगळा, आणि काही नग आधी दिवसेंदिवस तापवून म्हातारे करून मग उडवायचो. इतकं करूनही एका रसायनाने जगाला फसवलं. गॅरेजच्या फळीवर ठेवलेल्या डब्याची परीक्षा कोण घेणार? शिवाय गॅरेजमधला मुलगा जेव्हा पिवळं कनेक्टर ओढून एअरबॅग काढतो, तेव्हा त्याच्या छातीसमोर भरलेला इन्फ्लेटर असतो. बॅटरी काढल्यावरही कंट्रोल युनिटमधल्या कॅपॅसिटरमध्ये काही मिनिटं चार्ज शिल्लक राहतो, हे कितीतरी गॅरेजांत माहीत नसतं. मल्टिमीटरने स्क्विब तपासणं तर जिवाशी खेळ आहे.

फ्यूज काढण्याबद्दल मी ठाम आहे. रिकॉल नसलेल्या, दिवा बरोबर चालणाऱ्या गाडीत एअरबॅग बंद करणं म्हणजे कशेडी किंवा भोस्ते घाटात समोरून ट्रक आला तर छाती आणि स्टेअरिंग यांच्यामध्ये काहीच न ठेवणं. बहुसंख्य एअरबॅगमधल्या गोळ्या पंधरा-वीस वर्षांनीही जशा जळायला हव्यात तशाच जळतात. सीटबेल्ट मात्र लावलाच पाहिजे. बेल्ट नसेल तर माणूस पिशवी अर्धवट भरलेली असतानाच तिच्यावर आदळतो, आणि भरणाऱ्या पिशवीचा जोर फार असतो. छाती आणि स्टेअरिंग यांच्यात साधारण २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. मागे तोंड करून बसवायची लहान बाळाची सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही लावू नका.

एअरबॅग उघडली तर गाडीत पांढरा धूर आणि भुकटी दिसते. घाबरू नका, तो आगीचा धूर नसतो. त्यात पिशवीच्या घडीतली टाल्क किंवा मक्याच्या स्टार्चची पूड आणि जळलेल्या गोळ्यांचे थोडे कण असतात. दमा असलेल्याला त्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून काचा-दरवाजे उघडून बाहेर पडा, डोळे न चोळता पाण्याने धुवा, हात साबणाने धुवा. स्टेअरिंगचा मधला धातूचा भाग काही वेळ तापलेला असतो, त्याला हात लावू नका.

चौकशीत तुमच्या नंबरावर रिकॉल निघाला आणि सुटा भाग यायला वेळ लागतो असं सांगितलं, तर तारीख लेखी घ्या. रिकॉल बाजूच्या सीटचा असेल तर भाग बदलेपर्यंत तिथे कोणाला बसवू नका. ड्रायव्हरच्या बाजूचा असेल तर गाडी घरी ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला ती टो करून न्यायला सांगा.